बेटावरचा पहारेकरी

समुद्रांतील बेटावर राहणें ही गोष्ट किनाऱ्यावरून पाहणारास फार रम्य वाटते. चहूंकडे निळें पाणी, डोईवर मोकळें आकाश, आणि शहरांतील गलबला कोठेंच नाहीं! परंतु जो मनुष्य सहलीकरितां नव्हे, तर कांहीं राखण्याकरितां तेथें राहतो, त्याचा अनुभव निराळा असतो. समुद्रांतील जीवांचें रक्षण आणि रक्षकाच्या स्वतःच्या देहमनाचें रक्षण, या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. आपल्या मालवण किनाऱ्यास हा प्रश्न परका नाहीं.

प्रथम, राखावयाचें काय आहे तें पाहूं. १९८७ सालीं मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर असून, सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांभोंवतालचा सुमारें ३ चौरस किलोमीटरांचा भाग हा त्याचा गाभा होय. येथील खडकांवर प्रवाळ आढळतें. प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे. अगदीं लहान जीवांनीं चुन्याचीं घरें बांधून केलेली ती वसाहत आहे. ती वाढावयास वर्षानुवर्षें लागतात, आणि होडीच्या एका नांगरानें ती क्षणांत मोडते.

दक्षिणेस वेंगुर्ल्यासमोर खडकाळ बेटांचा एक समूह आहे. तेथील गुहेंत पाकोळीची एक जात घरटीं करते. हा पक्षी अंधारांत टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो, आणि आपल्या लाळेनें घरटें बांधतो. परदेशांत अशा घरट्यांचें सार करून पितात, त्यामुळें त्यांस मोठी किंमत येते व चोरांची दृष्टि त्यांवर जाते. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनीं १९४२ सालीं येथील सुरय व पाकोळ्या यांविषयीं लेख लिहिला होता. पुढें चालू शतकाच्या आरंभीं चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनें येथील घरट्यांची चोरी उजेडांत आणून पक्ष्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें.

आतां अशा ठिकाणीं पहारा करणें म्हणजे काय, याची कल्पना करावी. ऊन, खारा वारा, पिण्याच्या पाण्याची ओढ आणि दिवसेंदिवस तींच दोन-चार तोंडें! मनुष्य उत्साहानें जातो. परंतु झोंप मोडली, अन्न अपुरें पडलें आणि मन उबगलें, म्हणजे तो एके दिवशीं काम सोडून परत येतो. त्या दिवसापासून घरटीं उघडीं पडतात. म्हणून रक्षकाचें आरोग्य ही त्याची खासगी बाब नाहीं. तो रक्षणाचाच एक भाग आहे.

हें तत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. छत्रपति शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. तट कितीही बळकट असला, तरी पाण्यावांचून शिबंदी टिकली नसती. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; तितके क्षार बाहेर टाकण्याचें सामर्थ्य आपल्या मूत्रपिंडांत नाहीं, म्हणून तें पाणी पिणाराची तहान उलट वाढते. बेटावरील गोडें पाणी पावसाचें असतें. तें जमिनींत मुरतें, व खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें पुष्कळदां त्यावर तरंगून राहतें. उपसा बेताचा असला तर विहीर गोड राहते. अति झाला तर खालचें खारें पाणी वर चढतें. मनुष्याच्या शक्तीचेंही असेंच आहे. रोज थोडी भरावी आणि बेतानें उपसावी.

दुसरी गोष्ट पाळीची. आपल्या जिल्ह्यांत वायंगणी, तांबळडेग इत्यादि किनाऱ्यांवर समुद्री कांसवें अंडीं घालतात. एका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं असतात, आणि पिलें बाहेर येण्यास सुमारें दीड ते दोन महिने लागतात. इतके दिवस एकट्यानेंच रात्रीं जागावयाचें म्हटल्यास तो आजारी पडेल. पाळ्या वांटून घेतल्या म्हणजे कोणाचीही झोंप बुडत नाहीं.

तिसरी गोष्ट सोबतीची. पाणबुड्यांचा पहिला नियम असा कीं, एकट्यानें बुडी घेऊं नये. आणि दुसरा असा कीं, वर येतांना घाई करूं नये. खोल पाण्यांत दाबामुळें नत्रवायु रक्तांत विरघळतो. झपाट्यानें वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन अपाय होतो. कामांतून विश्रांतींत येतांनाही मनास असाच सावकाश चढ लागतो, हें विसरूं नये.

चौथी गोष्ट उदरनिर्वाहाची. अभयारण्य जाहीर झालें तेव्हां कोळी-गाबीत बांधवांनीं विरोध केला, तो समुद्रावरील वैरामुळें नव्हे, तर चुलीच्या काळजीनें. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें अशी योजना केली कीं, जाळ्यांत सांपडलेलें कांसव किंवा अन्य संरक्षित प्राणी जाळें कापून सोडून देणारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. हा मार्ग शहाणपणाचा आहे. कारण ज्याचें घर उपाशी, त्यास दुसऱ्याचें घरटें राखावयास सांगणें न्यायाचें नव्हे.

शेवटीं समुद्राकडेच पाहावें. जून-जुलैंत यांत्रिक नौकांस मासेमारीची मनाई असते. त्या काळांत मासळीची वीण होते. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यांत बंद होतात, आणि तेथील मोजकीं कुटुंबें आधींच भरलेल्या शिध्यावर दिवस काढतात. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून मगच दर्यावर जाण्याची आपल्याकडे चाल आहे. जो विसांवा एवढ्या मोठ्या समुद्रास लागतो, तो साडेतीन हातांच्या देहास लागल्यास नवल काय?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं जण उद्यां या समुद्राचे अभ्यासक वा रक्षक होतील. आईबापांस त्याची चिंता वाटणें स्वाभाविक आहे. त्यांनीं मुलास अडवूं नये. मात्र पाणी, पाळी, सोबत व चरितार्थ या चारांची सोय विचारून घ्यावी. आणि जो जाईल त्यानें दर आठवड्यास घरीं खुशालीचा निरोप धाडावा. कारण घराशीं धागा राखणें हेंही पहाऱ्याचेंच काम आहे.