विश्लेषण : प्रयोगशाळेतील शोध रुग्णापर्यंत कसा पोहोचतो? ‘नेक्सकार१९’ने दाखवलेली वाट

प्रयोग यशस्वी झाला, शोधनिबंध छापून आला, बातमीही झाली. पण वस्तू बाजारात आलीच नाही. भारतीय संशोधनाबाबत ही तक्रार जुनीच आहे. कर्करोगावरील ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती मात्र आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेतून थेट रुग्णालयांत पोहोचली. हे कसे जमले?

नेक्सकार१९ म्हणजे काय?

रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढून त्यांत जनुकीय बदल केला जातो. या पेशी वाढवून पुन्हा शरीरात सोडल्या की त्या कर्करोगग्रस्त बी-पेशी ओळखून नष्ट करतात. रक्ताच्या काही कर्करोगांत, इतर उपचार निष्फळ ठरल्यावर किंवा आजार उलटल्यावर ही ‘कार-टी’ पद्धती वापरतात. अमेरिकेत अशा उपचाराच्या केवळ औषधाचाच खर्च तीन कोटी रुपयांहून अधिक येतो. नेक्सकार१९चा खर्च ३० ते ४० लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली.

कोणी काय केले?

आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांच्या चमूने पेशींतील बदलाचे तंत्र विकसित केले. रुग्णांवरील चाचण्यांची बाजू टाटा मेमोरियल सेंटरने सांभाळली. पहिल्या रुग्णावर जून २०२१ मध्ये खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये उपचार झाले. चाचण्यांसाठी ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेने १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. उत्पादनासाठी ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी २०१८ मध्ये आयआयटीतूनच उभी राहिली. पुढे हैदराबादच्या लॉरस लॅब्सने तिच्यात गुंतवणूक केली.

कंपनी कशाला हवी?

प्रयोग काही वेळा जमला तरी शोधनिबंध होतो. औषध मात्र दरवेळी तसेच बनावे लागते. इथे तर प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र औषध तयार होते. दर्जा तोच हवा, प्रत्येक टप्प्याची नोंद हवी, कुशल कर्मचारी टिकायला हवेत. पीएचडीचा विद्यार्थी काही वर्षांनी निघून जातो. त्याच्या जोरावर कारखाना चालत नाही.

सहकार्य अडते कुठे?

* वेळ : कंपनी तिमाहीचा हिशेब पाहते, संशोधक पाच वर्षांचा.
* गोपनीयता : प्राध्यापकाला शोध प्रसिद्ध करायचा असतो, कंपनीला तो झाकून ठेवायचा असतो. आधी छापले तर पेटंट हुकू शकते. त्यामुळे पेटंटचा अर्ज आधी आणि शोधनिबंध नंतर, हा क्रम पाळावा लागतो.
* मालकी : पेटंट कोणाचे, उत्पन्नात वाटा किती, हे यश मिळाल्यावर ठरवायला बसले की भांडण होते.

नेक्सकार१९मध्ये संशोधकानेच कंपनी काढल्याने दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा कळली. पण यात हितसंबंधांचा प्रश्नही येतो. विद्यार्थी प्रबंधासाठी काम करतोय की कंपनीसाठी, ही रेघ संस्थेनेच आखायला हवी.

पुढे काय?

२०२०-२१च्या आकडेवारीनुसार देशाचा संशोधनावरील खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. तो वाढावा म्हणून केंद्राने जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. त्यातून उद्योगांना दीर्घ मुदतीचा, अल्प किंवा शून्य व्याजाचा निधी मिळू शकेल.

मात्र एक प्रश्न उरतोच. तीन कोटींच्या तुलनेत ४० लाख कमी असले, तरी बहुतेक कुटुंबांसाठी ते घर विकायला लावणारे आहेत. सुरुवातीचा धोका जनतेच्या पैशाने पत्करला असेल, तर अंतिम किमतीत जनतेला सवलत किती, हे कलम संस्था आणि कंपनी यांच्या पहिल्याच करारात असायला हवे. औषध बाजारात आल्यावर ते घालून घेणे अवघड असते.