अमेरिका किती लांब? दोऱ्याने मोजून पाहा!



आपल्यापैकी काहींची मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. "पोरगं शनिवारी निघालं, मग रविवारी का पोचलं नाही?" असा घोर घरच्या म्हाताऱ्या माणसांना लागतो. त्याचा हिशेब समजून घेऊ.

९ जानेवारी २०२१ रोजी, शनिवारी रात्री एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उडाले, ते वाटेत कुठेही न थांबता सोमवारी पहाटे बंगळूरला उतरले. विमान चालवणाऱ्या सगळ्या महिला. कॅप्टन झोया अग्रवाल त्यांच्या प्रमुख. घड्याळे पाहिली तर तीस तासांवर गेले. प्रत्यक्षात प्रवास सुमारे १७ तासांचा! बाकीचा फरक घड्याळाचा. हिवाळ्यात आपण तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेबारा.

अंतर सुमारे १४ हजार किलोमीटर. नकाशावर वाट आडवी दिसते; पण शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, तो उत्तर ध्रुवाकडे सरकतो. ते विमान ध्रुवावरूनच आले. जवळची वाट, इंधनाची बचत.

तेव्हा तिथली सुटण्याची वेळ घ्या, घड्याळाचा फरक मिळवा, प्रवासाचे तास मिळवा. उतरण्याची वेळ निघेल. उगाच काळजी नको.

अंतरापेक्षा तास मोठे, हे ऊसवाल्याला काय सांगावे? कारखाना दोन कोसांवर असला, तरी तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजन आणि उतारा घटतोच!