हाताचा ठसा घेण्याआधी



बाळाच्या इवल्याशा हातापायांचे ठसे फ्रेममध्ये बसवून भिंतीला लावायची हौस आता आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. बारशाला, पहिल्या वाढदिवसाला अशा फ्रेमची मागणी येते. आमच्या गटातल्या चौघींनी हे काम शिकायला घेतलं, तेव्हा वाटलं होतं, पूड कालवायची, हात बुडवायचा, की झालं! पण या कामात आधी मिश्रणाची परीक्षा घ्यावी लागते आणि मगच कुणाचा हात त्यात घालायचा असतो. आज तेच सांगायचं आहे.

आमचा पहिला प्रयोग एकीच्या सासूबाईंवर झाला. आई ऐंशीच्या पुढच्या, हात थोडे थरथरतात. त्या आहेत तोवर त्यांच्या हाताचा ठसा घरात असावा, अशी सगळ्यांची इच्छा. एप्रिलची भर दुपार होती. टाकीचं पाणी घेतलं, पूड टाकली आणि ढवळता ढवळताच सगळं बादलीत थिजलं. आई हात पुढे करून बसलेल्याच! म्हणाल्या, “अगं, माझा हात राहू दे, तुमचा खरवस तरी नीट झालाय का बघा.” आम्ही हसलो खऱ्या, पण अर्धा किलो पूड वाया गेली होती.

तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, “प्लास्टर ऑफ पॅरिसच थेट हातावर ओतू या की, स्वस्तात होईल.” मैत्रिणींनो, हे मात्र कधीच करू नका. प्लास्टर पाण्यात कालवलं की घट्ट होताना तापतं. जाड थर असेल तर ते ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं आणि तोवर हात आत घट्ट अडकलेला असतो. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीनं ठसा घ्यायला हात प्लास्टरच्या बादलीत घातले. ते निघेनात. तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. तुम्ही म्हणाल, मोडलेल्या हाताला दवाखान्यात प्लास्टर घालतातच की! पण तिथे खाली कापसाचा थर असतो, वर पट्ट्यांचे पातळ थर असतात आणि बांधणारा हात जाणकाराचा असतो. बादलीभर प्लास्टरची गोष्ट वेगळी.

म्हणून अंगाला लागणारा पदार्थ अल्जिनेटच हवा. तपकिरी समुद्री शेवाळापासून तो काढतात. दातांचे डॉक्टर कवळीसाठी माप घेताना तोंडात जो गार, मऊ लगदा धरतात, तो हाच. पुडीत कॅल्शियमचा क्षार असतो. पाणी पडलं की तो अल्जिनेटला बांधून धरतो आणि काही मिनिटांत पातळ मिश्रणाची लवचीक वडी होते. ती तापत नाही, कातडीला चिकटत नाही, हात हळूच निघून येतो.

खरवस फसल्यावर आम्ही चाचणीला बसलो. चार वाट्या, प्रत्येकीत २० ग्रॅम पूड, एकाच माठातलं पाणी, आणि मोबाइलवर घड्याळ. पाणी घातलं ५०, ७०, ९० आणि १२० मिलिलिटर. ५०चं मिश्रण श्रीखंडासारखं, त्यात गुठळ्या राहिल्या, बोटाच्या रेषा नीट उठल्या नाहीत. ७०चं इडलीच्या पिठासारखं, त्यात नखाची कडसुद्धा उमटली. ९०चं चाललं, पण बोट काढताना कडेला फाटलं. १२०चं ताकासारखं, ते धड जमलंच नाही. आम्ही ७० धरलं. हे आमच्या पुडीचं माप बरं का! तुमच्या पुडीचं वेगळं असेल. आधी पाकिटावरचं वाचा, मग वाट्या मांडा.

दुसरी चाचणी पाण्याची. उन्हानं तापलेल्या टाकीच्या पाण्यात मिश्रण दीड मिनिटात घट्ट झालं, माठाच्या पाण्यात तीन मिनिटांत, आणि फ्रिजच्या पाण्यात जवळजवळ पाच. पहिल्या दिवशी काय चुकलं ते इथे कळलं. बोअरच्या जड पाण्यातही क्षार असतात, त्यानंही मिश्रण लवकर बसतं. वेळ हवा असेल तर पाणी गार घ्या, वरून कसलं रसायन टाकू नका. बाळ हात स्थिर ठेवत नाही, म्हणून त्याला फार गार पाणी नको, आणि लवकर बसणारं मिश्रणच बरं.

पूड कालवताना तोंडाला मास्क लावा, ती नाकात जाते. उरलेलं मोरीत ओतू नका, नळीत जमून बसेल.

हात निघाला की साच्यात प्लास्टर लगेच ओता. अल्जिनेटमधलं पाणी उडतं आणि साचा आक्रसतो. थोडा वेळ थांबावंच लागलं तर ओल्या फडक्यानं झाका. आधी थोडंसं प्लास्टर ओतून साचा फिरवा, म्हणजे बोटांच्या टोकांत हवा अडकत नाही. तासाभरानं साचा सोलून काढा. साचा एकदाच वापरता येतो.

चेहऱ्याचा ठसा मात्र हाताचं काम चांगलं जमल्याशिवाय घेऊ नका. केसांना टोपी, भुवया आणि पापण्यांना व्हॅसलीन लावायचं. मिश्रण कपाळाकडून खाली आणायचं आणि दोन्ही नाकपुड्या पूर्ण मोकळ्या ठेवायच्या. एकीनं फक्त नाकाकडेच बघत बसायचं. नाकात नळ्या घालू नयेत. अल्जिनेट लिबलिबीत असतं, म्हणून ते ओलं असतानाच वर कापसाचे तंतू दाबायचे आणि मग प्लास्टरच्या पट्ट्यांचे दोन-तीन पातळ थर द्यायचे, म्हणजे आकार टिकतो. बसणाऱ्या बाईला बोलता येत नाही, म्हणून खुणा आधीच ठरवाव्या. अंगठा वर म्हणजे ठीक, हात हलवला की लगेच काढायचं. सर्दी, दमा असेल तर नाही म्हणायचं. लहान मुलांच्या चेहऱ्याचा ठसा आम्ही घेतच नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आईंचा ठसा पुढच्या आठवड्यात घेतला. सकाळची वेळ, अर्धा किलो पूड, पावणेदोन लिटर माठाचं पाणी. कोपराखाली उशी दिली, एकीनं मनगट धरलं, दुसरीनं वेळ मोजली. तीन मिनिटं झाली आणि हात अलगद सुटून आला. दुपारी प्लास्टरचा हात बाहेर काढला, तर भाकरी थापून रुंद झालेला तळवा, वाकडी करंगळी, सगळं जसंच्या तसं. आईंनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. म्हणाल्या, “भेगासुद्धा आल्यात की गं!”

तेव्हा मैत्रिणींनो, हे काम कराल तर आधी वाट्या मांडा, पहिलं बोट स्वतःचं घाला, आणि मगच दुसऱ्याचा हात हातात घ्या.