तीन सुयांचं झाड

या पोरांनो, बसा, कंदिलाची वात जरा वर करा. आज हिमालयातल्या चीड नावाच्या पाइनच्या झाडाची गोष्ट सांगतो, पण आधी एक घोटाळा निस्तरू, कारण आपल्या कोकणची माणसं नैनिताल-राणीखेतकडं पहिल्यांदा गेली की हमखास म्हणतात, अरे, हे तर आपलं सुरूचं बन! लांबून दिसतं तसंच आणि वाऱ्याचा घुमाराही तसाच, तेव्हा फसायला होतंच. पण सुरूची ती हिरवी काडी हलकेच ओढून बघा, पेरापेराला सुटत येते, कारण ते पान नव्हेच, ती बारीक डहाळी. खरी पानं तिच्या पेरांवर इवल्या खवल्यांसारखी चिकटून असतात. चिडाची सुई मात्र सलग, वीतभर लांब, कधी त्याहूनही जास्त, आणि ती कधी एकटी नसते : बुडाशी तपकिरी म्यानात तीन-तीन सुया बांधलेल्या असतात. तीन भरल्या की चीड. आणखी वर चढलात आणि झुबक्यात पाच सुया निघाल्या, तर तो कैल. किन्नौरच्या कोरड्या मुलखातल्या चिलगोज्यालाही तीनच असतात खऱ्या, पण त्या आखूड, आणि त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. चिडाची जाड, तांबूस, खोल भेगांची. त्या सालीचं काम पुढं येईलच.

आता त्याच्या लग्नाची गोष्ट ऐका, कारण एवढं सावकाश लग्न तुम्ही पाहिलं नसेल. वसंतात नर शंकूंमधून पिवळी धूळ उडते आणि तिच्या कणाकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांच्या जोरावर ती वाऱ्यानं कुठच्या कुठं जाते. त्यातला एखादा कण मादी शंकूच्या खवल्यांत शिरतो, आणि मग? मग वर्षभर थांबतो! फळणं होतं ते पुढच्या वसंतात, आणि बी पिकून शंकू उघडेपर्यंत दोन वर्षं होत येतात. मग एखाद्या तापलेल्या उन्हाळी दुपारी तडतड आवाज करत खवले फाकतात आणि पंखवाली बी गरगरत वाऱ्यावर निघते.

आणि खरी नवलाई तर पुढंच आहे. रिकामा शंकू खाली पडतो, मरून वाळतो, तरी पाऊस आला की मिटतो आणि ऊन पडलं की पुन्हा उघडतो. त्याच्या प्रत्येक खवल्याला दोन थर, बाहेरचा पाण्यानं जास्त फुगतो, आतला कमी. म्हणून ओला झाला की खवला आत वळतो आणि उन्हात बाहेरचा थर आकसला की पापडाच्या कडेसारखा बाहेर मुडपतो. जीव नाही, स्नायू नाही, नुसत्या बांधणीवर काम चालतं. जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत एक कोटी वर्षांहून जुने पाइनचे शंकू सापडले, ते भिजवून वाळवले तर तेही हलले!

हे झाड राहतं साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीवर, पाकिस्तानापासून भूतानपर्यंत, आणि त्याला सावली सोसत नाही, भरपूर ऊन हवं. म्हणून दरड कोसळून उघडा पडलेला, माती धुपलेला उतार, जिथं दुसरं झाड पाय ठेवायला कचरतं, तिथं चीड आधी जाऊन उभा राहतो. एकटा नव्हे बरं. त्याच्या मुळांना बुरशी बिलगलेली असते, ती मातीतलं क्षार-पाणी ओढून देते आणि झाड तिला साखर देतं. जगात जिथं पाइन मूळचे नव्हते, तिथं नुसती रोपं लावली तर ती खुरटलेलीच राहिली, आणि बुरशी असलेली माती आणून घातल्यावर ती वाढली.

आता तक्रार. उन्हाळ्यात सुयांचा जो खच पडतो, त्याला तिकडं पिरूल म्हणतात; बायाबापड्या तो गोळा करून गोठ्यात अंथरतात, पण उरलेला वाळून असा पेटतो की डोंगरचे डोंगर जळतात. त्या आगीत मोठा चीड जाड सालीमुळं तरून जातो, कोवळं रोप जळालं तरी बुडातून पुन्हा फुटतं, आणि बांजासारखी रुंद पानांची झाडं मात्र मागं पडतात. म्हणून पहाडी माणूस चिडावर चिडून असतो. पण मला विचाराल तर दोष झाडाचा नाही. इंग्रजांना रेल्वेचे स्लीपर हवे होते आणि चिडाचा लीसा हवा होता, ज्यापासून तारपीन आणि व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ निघते. म्हणून त्यांनी चिडाची राखण केली आणि लोकांच्या चराईला, लाकूडफाट्याला आळा घातला. शेवटी १९२१ साली कुमाऊंच्या लोकांनी वेठबिगार आणि जंगल-कायद्याविरुद्ध उठून चिडाची रानं पेटवली. बांजाचं रान मात्र राखलं, कारण पाणी, चारा आणि खत त्यातून येतं हे त्यांना ठाऊक होतं. उघड्या उतारावर चीड हवाच, पण बांजाची जागा त्याला देऊ नये.

तिकडं कधी गेलात तर खाली पडलेला एखादा कोरडा शंकू उचला, त्याला पाण्याच्या बादलीत घालून ठेवा आणि काही तासांनी बघा, घट्ट मिटलेला असेल. मग उन्हात ठेवा. तो पुन्हा उघडेल.