कित्ता आणि वाचक : मुलांच्या मराठी लेखनाचा विचार

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ला (१८७४–१८८१) मध्यवर्ती स्थान दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघण्यापूर्वी सुमारे एकोणीस वर्षे, १८५५ सालच्या १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या ‘ज्ञानोदया’त, एक निबंध दोन हप्त्यांत प्रसिद्ध झाला होता. तो लिहिणारी मुक्ताबाई (पुढे मुक्ता साळवे या नावाने परिचित झालेली) ही सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, सुमारे चौदा वर्षांची मांग समाजातील मुलगी होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज दलित साहित्याच्या आणि स्त्रीलेखनाच्या इतिहासात आरंभबिंदू म्हणून अभ्यासला जातो. तो एका शाळकरी मुलीचा निबंध आहे, या बाजूने मात्र त्याचा विचार क्वचितच झाला आहे. मुलांना चांगले लिहावयास कसे शिकवावे, या प्रश्नाची चर्चा करू इच्छिणाऱ्याने या निबंधापासून सुरुवात करणे उपयुक्त ठरेल.

या निबंधात लक्षात येण्याजोगी गोष्ट म्हणजे तो सतत कोणाला तरी उद्देशून बोलतो. लेखिका कधी ईश्वराला प्रश्न विचारते, कधी पंडितांना संबोधते आणि अखेरीस आपल्याच दुःखपीडित लोकांकडे वळून ज्ञानाचे औषध घेण्यास सांगते. इमारतींच्या पायात तेलशेंदूर पाजून पुरली जाणारी माणसे, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रिया यांविषयी ती लिहिते. ही सामग्री तिला कोणत्याही नमुन्यातून उतरवून घेता आली नसती. शिक्षकांचा हात त्या मजकुरावरून किती फिरला असेल, हा प्रश्न कोणी उपस्थित करील. पण असा हात फिरला असे गृहीत धरले तरी, सांगण्याची निकड आणि समोर दिसणारा श्रोता या दोन गोष्टी शिक्षक उसन्या देऊ शकत नाही. मुलांच्या लेखनाचे पुढे जे झाले त्याचे मर्म याच दोन गोष्टींच्या लोपात आहे.

हा लोप समजून घेण्यासाठी ‘लिहिणे’ या क्रियापदाचा आपल्याकडील जुना अर्थ पाहावा लागतो. पंतोजींच्या शाळेत लिहिणे म्हणजे मुख्यतः वळण. धूळपाटीवर बोटाने मुळाक्षरे गिरवावीत, मग बोरू हाती घेऊन बाळबोध व मोडी घटवावी, पत्रांचे मायने आणि हिशेबाच्या रीती पाठ कराव्यात, असा तो क्रम होता. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला आहे; त्यातही अक्षरांचा वाटोळेपणा, ओळींतील अंतर, शाई आणि कागद यांचा विचार आहे. ग्रंथ टिकवावयाचा तर नकल सुवाच्य हवी, अशी ती व्यवस्था होती आणि त्या व्यवस्थेत कित्ता हेच योग्य साधन होते. ‘वळण’ हा शब्द मराठीत अक्षराला आणि वागणुकीला सारखाच लावला जातो, हेही येथे ध्यानात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा आल्या, छापील क्रमिक पुस्तके आली, मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या देखरेखीखाली गद्याला विरामचिन्हांची शिस्त लागली आणि ‘निबंध’ हा अभ्यासाचा विषय झाला. साधन मात्र जुनेच राहिले. पूर्वी अक्षराचा कित्ता होता, आता वाक्याचा आणि विचाराचा कित्ता आला. हाताला वळण लावण्यासाठी नमुना आवश्यक असतो. अनुभवाला वळण लावण्यासाठी त्याचा उपयोग केला की अनुभवच नाहीसा होतो. बाजारातील निबंधांच्या मार्गदर्शिकांना दोष देणे सोपे आहे. पण त्या एका फार जुन्या अध्यापनपद्धतीच्या वारसदार आहेत, हे लक्षात घेतले नाही तर त्या बंद करूनही काही साधणार नाही.

‘माझी आई’ हा विषय उदाहरणादाखल घ्यावा. वर्गातील बहुतेक वह्यांतील आई पहाटे उठते, सडारांगोळी करते, देवपूजा करते आणि रात्री सर्वांत शेवटी झोपते. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाची आईही सडा घालते. जिची आई कोयता घेऊन वर्षातील पाचसहा महिने ऊसतोडीला परमुलखात असते, ती आजीजवळ राहणारी मुलगीदेखील हेच लिहिते आणि तिला त्याबद्दल गुण मिळतात. या मुलीने खोटे लिहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेत चालणारी आई कोणती, हे तिने अचूक ओळखले आहे. आपल्या आईविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे, हा धडा तिला कोणी शब्दांनी शिकवलेला नसतो. तो वहीतून मिळतो.

यात वाचकाचा अभाव कसा निर्माण होतो तेही पाहण्यासारखे आहे. शालेय निबंध ज्याच्या हाती जातो त्याला त्यातील मजकूर जाणून घ्यावयाचा नसतो. त्याला मजकुराचे मोल ठरवावयाचे असते. जत्रेचे वर्णन वाचणाऱ्या परीक्षकाला ती जत्रा कशी होती याचे कुतूहल नसते. मूल हे जाणते. दहावीच्या अभ्यासक्रमात २०१८ नंतर प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. उपयोजित लेखन या भागात पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा यांना स्थान मिळाले. हा बदल स्वागतार्ह होता, कारण पत्र किंवा बातमी हे प्रकार मुळातच वाचकाची अपेक्षा धरतात. परंतु जे पत्र कधीच टपालात पडणार नाही आणि जी बातमी कोणी वाचणार नाही, तिचाही आराखडा अल्पावधीत पाठ होतो. बातमीचाही कित्ता बनतो.

शाळेबाहेर मात्र मुलांनी खरीखुरी पत्रे लिहिण्याची एक परंपरा महाराष्ट्रात होती आणि लेखनाच्या अध्यापनाविषयी तिच्याकडून बरेच शिकता येते. घरातील पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत आणि बायका गावी, अशी स्थिती कोकणात व देशावर अनेक घरांची होती. चौथी-पाचवीत शिकणारे मूल हे अशा घराचे, पुष्कळदा शेजारच्या चार घरांचेही, लेखनिक असे. काकू किंवा आजी सांगत जाई आणि मूल पोस्टकार्डावर लिही. या कामात काय काय शिकणे घडत असे, याचा हिशेब करावा. ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’ यांचा मायना शाळेतला, तर मधला मजकूर सांगणारीच्या तोंडचा. मुलाला या दोन भाषांमधील अंतर प्रत्येक वाक्याला ओलांडावे लागे. जागा पोस्टकार्डाएवढीच, म्हणून काय गाळावयाचे याचा निर्णय करावा लागे. लिहून झाल्यावर पत्र वाचून दाखवावे लागे, आणि सांगणारी हटकून म्हणे की, असे नाही रे म्हटले मी. मग वाक्य बदलावे लागे. पुनर्लेखन म्हणजे काय हे याहून स्पष्टपणे कोणती शाळा शिकवील? शिवाय उत्तर येत असे. पैसे कमी पोहोचले, किंवा गाय व्याल्याचे तुम्ही नीट कळवले नाही, असे त्यात लिहिलेले असे. लेखनाच्या चुकीचा परिणाम मुलाच्या डोळ्यांसमोर घडे.

साक्षरता वाढली, दूरध्वनी आला आणि हे काम संपले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. आपल्या मनातले दुसऱ्याच्या मुलाकडून लिहून घेणे त्या स्त्रियांना सुखाचे नव्हते. घराने मुलांच्या लेखनासाठी काय करावे याचे उत्तर मात्र त्यात आहे. पालकांची शैक्षणिक पात्रता येथे गौण ठरते. आजीच्या ओव्या उतरवून घेणे, आजोबांनी सांगितलेली विहीर खणल्याची हकिगत लिहून त्यांना वाचून दाखवणे, लग्नाच्या खरेदीची यादी करणे, ही कामे निरक्षर घरातही होऊ शकतात. सुशिक्षित घराकडे आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे मुलाला पत्र लिहिणे. साने गुरुजींनी आपली पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून परिचित आहेत. त्यांतील संस्कारपर भाग आजच्या वाचकाला कदाचित जड वाटेल, पण एक वयस्क माणूस एका मुलीला पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले सविस्तर लिहून कळवतो, ही कृतीच महत्त्वाची आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना आणि तेथील छात्रालयाचे काम पाहत असताना गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. लिहावयास शिकवणारा माणूस स्वतः रोज लिहितो, हे तेथील मुलांना दिसत होते. पोहणे शिकवणारा कधी पाण्यात उतरताना दिसलाच नाही तर मुले त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. लेखनाच्या बाबतीत मात्र आपण हे चालवून घेतो.

आता सर्वांत अवघड भाग, दुरुस्तीचा. समजा, ग्रामीण भागातील एका मुलाने वहीत लिहिले : ‘म्हैस ऐकंना म्हून आजीनं तिला गूळ चारला.’ लाल शाईने त्याचे रूपांतर सामान्यतः असे होते : ‘म्हैस ऐकत नव्हती म्हणून आजीने तिला गूळ खाऊ घातला.’ वाक्य शुद्ध झाले. पण या व्यवहारात काय मिळाले आणि काय गेले? ‘म्हून’चे ‘म्हणून’ होणे आवश्यक होते. प्रमाण लेखनाचा तो संकेत मुलाला यावयासच हवा. ‘आजीनं’ हे रूप बोलण्यात सर्वत्र आहे आणि संवादात तर ते ग्राह्यच आहे. निवेदनात ‘आजीने’ लिहावे, हा भेद समजावून देता येतो. ‘ऐकंना’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे प्रमाण रूप ‘ऐकेना’ असे आहे, ‘ऐकत नव्हती’ असे नव्हे. ‘ऐकेना’मध्ये म्हशीचा हट्ट आहे, प्रयत्न करून थकलेली आजी आहे, ‘ऐकत नव्हती’ ही केवळ माहिती झाली. ‘चारला’ हे तर निर्दोष मराठी प्रयोजक रूप. जनावराला चारतात आणि पाहुण्याला खाऊ घालतात, हा अर्थभेद मुलाला ठाऊक होता आणि शिक्षकाने तो पुसला. म्हणजे एका वाक्यातील चार बदलांपैकी एक आवश्यक, एक संदर्भावर अवलंबून आणि दोन सपशेल हानिकारक. बोलीतून आलेले सर्वच रक्षणीय असे मानण्याचे कारण नाही, पण दुरुस्त करणाऱ्याला प्रमाण मराठीची क्रियापदव्यवस्था मुलापेक्षा अधिक चांगली ठाऊक असली पाहिजे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. महाविद्यालयांत व्याकरण शिकवणाऱ्यांचा या प्रश्नाशी संबंध येतो तो येथे.

शुद्धलेखनाविषयी थोडक्यात. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांपैकी ऱ्हस्वदीर्घाचे काही नियम कानाने शिकवता येतात : शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार आपण दीर्घच उच्चारतो, म्हणून ‘पाणी’, ‘लाडू’, ‘चूल’ परंतु ‘चुलीत’, ‘फूल’ परंतु ‘फुलांचा’, हेही मोठ्याने म्हणून पाहिले की पटते. तत्सम शब्दांचे तसे होत नाही, ते पाहून आणि वाचूनच येतात. हे दोन वर्ग वेगळे न करता सर्वच चुकांभोवती सारखे लाल वर्तुळ काढले की मुलाला नियम दिसत नाही, केवळ अपराध दिसतो. लेखन बरेच झाल्यावर, वाचकापुढे जाण्यापूर्वीची अखेरची पायरी म्हणून शुद्धलेखन आले तर त्याचे प्रयोजनही समजते.

मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी-माडिया बोलणाऱ्या मुलांना वरील विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांच्यासाठी मराठी ही घराची बोली नसून दुसरी भाषा आहे. ‘ऐकंना’पासून ‘ऐकेना’पर्यंतचा छोटा पूल तेथे उपलब्ध नसतो. त्यांच्या लेखनाचा आरंभ त्यांच्या भाषेतच व्हावयास हवा, मग ती देवनागरीत का लिहिली जाईना.

वाचक निर्माण करण्याचे प्रयोग मराठी शाळांत झाले आहेत. लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात परिसरातील अनुभव आणि त्यांवरील मुलांची अभिव्यक्ती यांना अध्यापनात मोलाचे स्थान दिले गेले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांपर्यंत पोहोचत आहे. पण प्रत्येक शाळेच्या आवाक्यातील साधन म्हणजे हस्तलिखित आणि भित्तिपत्रक. दुर्दैवाने हस्तलिखिताचेही पुष्कळदा स्नेहसंमेलनापुरते शोभेचे पुस्तक होते. शिक्षकांनी निवडलेला मजकूर सुंदर अक्षर असलेली एखादी विद्यार्थिनी दोन दिवस बसून उतरवून काढते, वेलबुट्टी काढली जाते आणि ते कपाटात जाते. कित्ता येथेही परततो. त्याऐवजी खाडाखोड असलेला, दर आठवड्याला बदलणारा, दुसऱ्या वर्गातील मुले येऊन वाचतील असा भिंतीवरचा कागद अधिक उपयोगी पडतो.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे व्हावे, असा आक्षेप शिक्षक घेतात आणि तो प्रामाणिक आहे. साठ वह्या दर आठवड्याला तपासणे अशक्यच. दर आठवड्याला दहा वह्या मात्र वाचता येतात. तपासण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. म्हशीच्या वाक्याच्या समासात लाल वर्तुळांऐवजी ‘मग म्हैस आली का?’ एवढेच लिहिले, तर त्या प्रश्नाचे उत्तर मुलाला द्यावे लागते, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक असते.