माजी विद्यार्थी घेणार मुलाखत, घाबरायचं कशाला?

समजा, वज्रेश्वरीतल्या एखाद्या घरात जानेवारीतल्या संध्याकाळी ईमेल येतो. मुलीने अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज केलेला असतो. आता तिथला एक माजी विद्यार्थी तिची मुलाखत घेणार असतो. अम्मी-अब्बूंना आनंद होतो, पण पाठोपाठ धास्तीही वाटते. घरातून याआधी कुणी परदेशी शिकायला गेलेलं नाही. मुलीचं इंग्रजी अडखळलं तर? घरची परिस्थिती विचारली तर?

म्हणून ही मुलाखत नेमकी काय असते, ते आधी समजून घेऊया.

परीक्षा नव्हे, गप्पा

हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी अशा विद्यापीठांचे माजी विद्यार्थी हे काम विनामोबदला करतात. साधारण अर्धा ते एक तास बोलणं होतं आणि नंतर ते विद्यापीठाला अहवाल पाठवतात. प्रवेशाचा निर्णय त्यांच्या हातात नसतो. मुलाखतीसाठी कुणी पैसे मागितले तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा. आपल्या भागात माजी विद्यार्थी उपलब्ध नसेल, तर मुलाखत होतही नाही. त्याने अर्जाचं नुकसान होत नाही, असं हार्वर्ड आणि एमआयटी स्पष्ट सांगतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं मात्र वेगळं आहे. तिथे प्राध्यापक स्वतः विषयावरचे प्रश्न विचारतात.

उत्तरं पाठ करू नका

तीन प्रश्नांची तयारी हवीच: तुम्ही कोण, हाच विषय का आणि हेच विद्यापीठ का? ‘मला शास्त्राची आवड आहे’ एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं आठवा. जमिनीत खोल मुरलेलं पाणी तापतं आणि भेगांतून वर येतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा पुढे काय शोधावंसं वाटलं, ते सांगा. घरात पॉवरलूम असेल, तर वीज गेल्यावर घरचं गणित कसं बिघडतं, तेही सांगता येईल. भिवंडीच्या मुलाकडे जे आहे, ते न्यूयॉर्कच्या मुलाकडे नाही.

‘का जायचं?’ हा प्रश्न जुनाच आहे. कल्याणशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत लोकांच्या अशाच शंकांना एकेक करून उत्तरं दिली होती. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपल्या मुलांनीही आधी स्वतःलाच हा प्रश्न विचारावा.

इंग्रजी, पैसा आणि ओळख

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलात, तर लाजू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. शेजारच्या भाईजानसोबत किंवा शिक्षकांसोबत दोन-तीनदा इंग्रजीत बोलून पाहा.

फीचं रडगाणं इथे गाऊ नका, कारण आर्थिक मदतीचा निर्णय ही व्यक्ती घेत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देतानाही पैशांची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेप्रमाणे मदत देतात. मात्र बहुतेक विद्यापीठांत असं नसतं, हे लक्षात ठेवा.

हिजाब, नमाज, रोजा यांबद्दल लपवण्यासारखं काही नाही आणि मुद्दाम पुढे करण्यासारखंही नाही. नमाजची वेळ आड येत असेल तर आधीच नम्रपणे कळवून वेळ बदलून घ्या.

त्या दिवशी

मुलाखत ऑनलाइन असेल, तर मोबाइल चार्ज करून ठेवा. नेटवर्क चांगलं मिळणारी खोली आदल्या दिवशीच तपासा. मुंबईत बोलावलं, तर ठाणे किंवा विरार गाठून पुढे लोकलने जायला वेळ लागतो, त्यामुळे लवकर निघा. भेट लायब्ररी किंवा कॅफेसारख्या सार्वजनिक जागी ठरवा. पालकांनी सोबत जरूर जावं, पण बोलताना बाजूला बसावं.

शेवटी समोरच्यालाही दोन प्रश्न विचारा. तिथे पहिलं वर्ष कसं गेलं, घरची आठवण आल्यावर काय केलं? दुसऱ्या दिवशी आभाराचा छोटा ईमेल पाठवा.

कोशिश आपल्या हातात, नतीजा अल्लाहच्या. प्रवेश मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तरी स्वतःबद्दल निर्भयपणे बोलायला शिकलेलं लेकरू घरी परत येईल.