नादारी की तडजोड?

'नादार' हा शब्द फारसीतून आला. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. न्यायालयाने ऋणकोस नादार ठरविले म्हणजे त्याची मालमत्ता विकून आलेली रक्कम धनकोंत प्रमाणशीर वाटली जाते. परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बाबतीत येथेच प्रश्न उद्भवतो. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 त्याचे राहते घर आणि उपजीविकेपुरती औते, गुरे व बियाणे जप्तीतून वगळते. जमीन वगळत नाही. म्हणून धनको कोण, हे प्रथम पाहावे. बँक असल्यास लोकअदालतीत तडजोड करता येते. तेथील निवाडा अंतिम असतो. विनापरवाना सावकाराने बळकाविलेली जमीन 2014 च्या सावकारी अधिनियमाखाली परत मिळू शकते. मात्र तडजोड ती मान्य करणाऱ्या धनकोसच बांधते. नादारी सर्व बिनतारणी धनकोंना एकत्र बांधते. धनको अनेक आहेत आणि जमीन उरलेली नाही, अशा स्थितीतच नादारी श्रेयस्कर ठरते.